वर्गणीचं दूध

आमच्या मंडळाचा गणपती दहा दिवसांचा, पण मंडळ खरं भरायचं ते कोजागिरीला. अनंत चतुर्दशीपासून महिनाभरात हिशेब झालाच पाहिजे, हा नियम कुणी घातला कोण जाणे, पण शुक्रवार पेठेतल्या आमच्या गल्लीत तो पितृपक्षाइतका पक्का होता. त्याच पेठेतला आजोबा गणपती 1885 चा, म्हणजे पुण्याच्या 1893 च्या सार्वजनिक गणेशोत्सवाच्याही आधीचा, हे सोलापूरकर परगावच्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांत ऐकवतो. आमचं मंडळ त्या मानानं नातवंडांतलं. मूर्ती लहान, मांडव लहान, लेझीम मात्र दणक्यात. आणि पावतीपुस्तक फार कडक.

ते पावतीपुस्तक अप्पांकडं, म्हणजे माझ्या वडिलांकडं असायचं. गिरणीत कारकुनी आणि मंडळात खजिनदारी, दोन्ही एकाच अक्षरात. कार्बन नीट लावलाय का, स्थळप्रत फाटली तर नाही ना, हे बघितल्याशिवाय ते दाराची कडी वाजवत नसत. वर्गणी मागायला आम्हा पोरांना बरोबर घ्यायचे. विड्या वळणाऱ्या बायकांकडून चार आणे, मागवाल्यांकडून रुपया, दुकानदाराकडून पाच. चार आणेही दोन हप्त्यांत देणारी एक आजी होती. तिला दोन पावत्या मिळत आणि त्या दोन्ही ती देवघरात ठेवी. वरची हद्द अकरा रुपयांची. एकदा चाटी गल्लीतल्या एका कापडवाल्यानं कौतुकानं शंभराची नोट पुढं केली. अप्पांनी एकोणनव्वद रुपये मोजून परत दिले. वाटेत मी विचारलं, तर म्हणाले, "जास्त देणाऱ्याला नारळ फोडायला द्यावा लागतोय बाळ. मग गणपती त्याचा होतोय."

कोजागिरीला वाड्याच्या माळवदावर सतरंज्या पडायच्या. मोठ्या भगुन्यात दूध आटत असायचं, आई आणि आत्या चारोळ्या निवडत बसलेल्या. खाली चुलीवर चुरमुऱ्यांची सुशीला, सोबत खलबत्त्यात कुटलेली शेंगाचटणी. पोरांचं लक्ष भगुन्याकडं, पण दूध हिशेबाच्या आधी कुणालाच मिळत नसे. अप्पा उभे राहून एकेक रक्कम वाचायचे. मांडव, बत्त्या, हलगीवाला, प्रसादाचे फुटाणे, लेझमीच्या सुटलेल्या चकत्या बसवून घेतल्याचे अमुक आणे. मग प्रश्न सुरू. "हलगीवाल्याला ठरल्यापेक्षा दोन रुपये जास्त कशापायी?" "पावसात भिजून वाजवलं बिचाऱ्यानं." "मग ठराव करून द्यायचं की!" या दोन रुपयांवर अर्धा तास जायचा. वाद मराठीत सुरू व्हायचा, तापला की निम्मा तेलुगूत आणि निम्मा कानडीत शिरायचा, आणि सगळ्यांना सगळं कळायचं. पहिलीपासून तिसरी भाषा शिकवायला शासन निर्णय लागतो, हे त्या माळवदावर कुणाला पटलं नसतं. जून 2025 मध्ये तो निर्णय मागं घ्यावा लागला, तेव्हा मला तिथलीच भांडणं आठवली.

हिशेब मंजूर झाला की दूध, आणि दुधाबरोबर राजकारण. अप्पा जनसंघाचे, पणती या निशाणीचे. मामा, म्हणजे आईचा धाकटा भाऊ, पांढऱ्या टोपीचा पक्का काँग्रेसवाला. समोरच्या खोलीत राहणारे, यंत्रमागावर काम करणारे अण्णा लाल बावट्याचे. घरात तेलुगू, सभेत मराठी, रागावले की कुठलीही. तिघंही मंडळाच्या कार्यकारिणीत, आणि तिघंही एकमेकांना देशाचं वाटोळं करणारे म्हणायचे. मामा हरायला आला की 1930 काढायचा. सोलापूरचा मार्शल लॉ, आणि 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फासावर गेलेले चौघं: मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. ही नावं आली की अप्पा दुधाचा पेला खाली ठेवायचे आणि गप्प बसायचे. मामाला ते ठाऊक होतं, आणि तो त्याचा पुरेपूर फायदा घ्यायचा.

1975 ची कोजागिरी मी लहान असूनही मला लख्ख आठवते. आमचे चिटणीस संघाचे, ते आणीबाणीत मिसा कायद्याखाली आत होते. माळवदावर माणसं कमी, बोलणं त्याहून कमी. अप्पांनी वर्गणीची यादी वाचायला घेतली आणि चिटणिसांच्या नावापाशी थांबले. रक्कम कोरी होती. मामा उठला, खिशातून पाच रुपये काढून सतरंजीवर ठेवले आणि म्हणाला, "दाजी, पावती त्यांच्याच नावानं फाडा. यादीत रिकामी जागा नको." ज्या पक्षाच्या सरकारनं चिटणिसांना आत घातलं, त्याच पक्षाचा हा माणूस. पावती तो स्वतः त्यांच्या घरी देऊन आला. परत आल्यावर अप्पांशी पुन्हा इंदिराबाईंवरून भांडला तो वेगळा.

1977 ला देशात काँग्रेसची सत्ता गेली, तरी सोलापूरनं सूरजरतन दमाणींना, म्हणजे काँग्रेसलाच निवडून दिलं. मामानं ते पुढची एकोणीस वर्षं ऐकवलं. 1996 ला लिंगराज वल्याळ निवडून आले आणि सोलापुरातून भाजपचा पहिला खासदार दिल्लीला गेला. त्या कोजागिरीला अप्पांनी पेढे आणले, स्वतःच्या पैशानं. मंडळाच्या वहीत तो खर्च दिसणार नाही हेही आधीच जाहीर करून टाकलं. मामा म्हणाला, "दाजी, वाजपेयींचं सरकार तेरा दिवसांत गेलं की. पेढे कशाचे?" अप्पा म्हणाले, "खासदार हाय की अजून. खा." मामानं दोन खाल्ले.

मी अप्पांच्याच वाटेनं गेलो. उजव्या विचारांचा माणूस आहे आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही. 5 ऑगस्ट 2019 ला 370 कलम गेलं त्या दिवशी मी अप्पांच्या फोटोला हार घातला. 22 जानेवारी 2024 ला अयोध्येत प्राणप्रतिष्ठा झाली तेव्हा आईनं दारात पणत्या लावल्या, आणि त्यातली एक जनसंघाची, असं ती नातवंडांना हसत सांगत होती. हे सगळं व्हावं म्हणून अप्पांच्या पिढीनं पडेल उमेदवारांच्या चिठ्ठ्या वाटल्या. मामाच्या टोमण्यांचा हिशेब तर वेगळाच.

पण आपली माणसं जिंकली म्हणून त्यांना प्रश्न विचारायचे नाहीत, हे माळवदावर शिकलो नाही. आमच्या मंडळाची हिशेबाची सभा आणीबाणीतसुद्धा चुकली नव्हती. महापालिकेची मुदत 2022 ला संपली, आणि त्यानंतर जवळजवळ चार वर्षं शहराला नगरसेवकच नव्हते, सगळा कारभार प्रशासकाकडं. खटले होते, आरक्षणाचा घोळ होता, हे मान्य. तरी त्यातला बराच काळ राज्यात आमचंच सरकार होतं. पाणी चार-पाच दिवसांआड येत होतं ते का, हे विचारायला दारावर ओळखीचं माणूस लागतं. परंपरा जपा म्हणणाऱ्यांनी वार्षिक सभेची परंपरा आधी जपायला हवी होती, असं मी आमच्याच लोकांत म्हणतो, आणि मग मला चहा उशिरा मिळतो.

दुसरी गोष्ट फ्लेक्सची. गणपती आता आमच्या हातात राहिलेला नाही. गल्लीच्या तोंडावर एक भाऊ आहेत. पक्ष सांगत नाही, कारण तो दर दोन वर्षांनी विचारावा लागतो. मांडव त्यांचा, डॉल्बी त्यांची, पोरांच्या टी-शर्टवर चेहरा त्यांचा. वर्गणी मागायला कुणी येत नाही. पोरांना हे फार सोयीचं वाटतं. एकाला म्हटलं, "हिशेब कुणाला विचारायचा?" तर म्हणाला, "काका, तुमचे पैसेच नाहीत, हिशेब कशाला बे?" पोरगं खोटं बोललं नाही. अप्पांचा अकरा रुपयांचा नियम मला त्या दिवशी पूर्ण कळला.

सरकारी योजनांचंही माझं भांडण एवढंच आहे. लाडक्या बहिणीचे दीड हजार आमच्या कामवाल्या मावशींच्या खात्यात येतात, त्यातून त्यांच्या नातीचा क्लास लागला. त्याला नावं ठेवायची माझी ऐपत नाही. पण देणाऱ्याचा फोटो प्रत्येक पैशावर छापायचा, आणि घेणाऱ्यानं काही भरायचंच नाही असं ठरवायचं, यातून माणूस सभासद होत नाही, लाभार्थी होतो. काँग्रेसनं हेच केलं तेव्हा आम्ही त्यावर भाषणं ठोकली होती.

गंमत म्हणजे याचं उत्तर मला दिसलं ते लाल बावट्याकडं. कुंभारीच्या रायनगरची घरं. नरसय्या आडम यांनी वर्षानुवर्षं लावून धरलेला प्रकल्प, तीस हजार घरांचा. विडी कामगार, यंत्रमाग कामगार, चिंध्या वेचणाऱ्या बाया, सगळे त्यात सभासद, आणि सरकारी अनुदानाबरोबर ज्यानं त्यानं आपला हिस्सा भरलेला. 19 जानेवारी 2024 ला त्यातली पंधरा हजार घरं मोदींच्या हस्ते मिळाली. व्यासपीठावर कम्युनिस्ट आडम मास्तर, समोर आमचे पंतप्रधान. अण्णांच्या धाकट्या मुलाचं घर तिथं आहे. मी बघायला गेलो तर त्यानं आधी पावत्यांची फाईल दाखवली, घर नंतर. अण्णा असते तर म्हणाले असते, बघ, आमचं काम. अप्पा म्हणाले असते, बघा, आमचे पंतप्रधान. दोघंही रात्रभर भांडले असते आणि मामानं मधल्या मधे दूध संपवलं असतं.

गणपती गेला तरी कोजागिरी आम्ही सोडली नाही. वाडा पडून तिथं अपार्टमेंट झालं, आता सतरंज्या गच्चीवर पडतात. भगुनं आत्याचंच आहे. आई चारोळ्या निवडायला बसते, डोळ्यांना दिसत नाही तरी बसते. खजिनदार म्हणून अण्णांची नात आहे, बँकेत नोकरीला. पावतीपुस्तकाच्या जोडीला तिनं मोबाईलचा क्यूआर कोड आणला, पण कार्बनची प्रतही ठेवते. कमाल वर्गणी पाचशे एक. यंदा भाऊंनी परस्पर क्यूआरवर एकवीस हजार टाकले. तिनं पाचशे एकची पावती केली आणि उरलेले वीस हजार चारशे नव्व्याण्णव त्याच रात्री परत पाठवले. भाऊंचा माणूस आला, म्हणाला, "ताई, अपमान झाला की हो." ती म्हणाली, "पावती घेऊन जावा."

ती मत कुणाला देते ते मला ठाऊक आहे. आमचं त्यावरून जमत नाही, यंदाही सुशीला गार होईपर्यंत वाजलं. पुढच्या वर्षीही खजिनदार तीच, असा ठराव मी मांडला. मामाच्या थोरल्यानं अनुमोदन दिलं, आणि लगेच विचारलं की दुधात यंदा बदाम कमी का.