एकशे अडुसष्टचा ठेका

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. रविवारच्या लाँग रननंतर चहाच्या टपरीवर, लग्नाच्या पंगतीत, एकदा तर दाताच्या डॉक्टरांपुढे आ करून बसलेलो असतानाही हा प्रश्न मला आलाय : "तुमची ती बीपीएमवाली प्लेलिस्ट पाठवा ना. आणि हल्ली तुम्ही स्वतः कानात काही न घालता का धावता?" (बीपीएम म्हणजे गाण्यात मिनिटाला किती ठोके पडतात तो आकडा.) आजवर मी "हेडफोन बिघडलाय" असं सांगून सुटत आलो. एकच हेडफोन इतकी वर्षं बिघडलेला राहू शकत नाही, हे मलाही कळतं.

आधी हिशेब, कारण हिशेबात मी चुकलो नव्हतो. शाळेत असताना काही वर्षं तबला शिकलो. गुरुजी मांडीवर चापट मारायचे, "लय पळतेय." चाळिशीत धावायला लागलो तेव्हाही पहिल्या दोन किलोमीटरला नेमकं तेच व्हायचं, आणि चापट मारायला कुणी नव्हतं. म्हणून गाणी. मिनिटाला १६८ पावलं हवीत, तर १६८ ठोक्यांचं गाणं घ्यायचं; नाहीतर ८४ चं घेऊन दुगुणीत, म्हणजे एका ठोक्याला दोन, पाय टाकायचे. जुनी सिनेमातली गाणी बाद, कारण वादक एकत्र बसून वाजवत, अंतऱ्यात लय दोन-चार ठोक्यांनी सरकते. कानाला ते गोड लागतं, पायाला नाही. ढोल-ताशाचं नाव काढू नका, तो नुसता चढत जातो. उरली मशीनवर बांधलेली गाणी, त्यातली निम्मी मला आवडतही नव्हती. अशी बेचाळीस जमवली, आमच्या धावणाऱ्यांच्या ग्रुपवर टाकली, आणि 'बीपीएम काका' झालो.

"मिनिटाला १८० पावलं का नाही?" हा जोडप्रश्न ठरलेला. तो आकडा जॅक डॅनियल्स या प्रशिक्षकाने १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमधल्या धावपटूंची पावलं मोजून पुढे आणला. ती माणसं ऑलिंपिकमध्ये शर्यत पळत होती. मी सहा-दहाच्या पेसने, म्हणजे किलोमीटरला सहा मिनिटं दहा सेकंद घेत, ऑफिसच्या आधी धावून घेणारा माणूस.

आणि ठेक्याने पेस ठरत नाही, हे तर मी किती वेळा सांगितलंय! ठेक्याने पावलांची संख्या ठरते. वेग म्हणजे संख्या गुणिले पावलाची लांबी. २०१८ च्या सातारा हिल हाफ मॅरेथॉनसाठी, म्हणजे एकवीस किलोमीटरच्या शर्यतीसाठी, मी याचा तक्ताच केला होता. यवतेश्वरचा घाट चढायचा, वळायचं, तोच घाट उतरायचा. चढाला ६:५०, म्हणजे १६८ च्या ठेक्यावर पाऊल ८७ सेंटिमीटर. उताराला ५:३०, पाऊल १०८. दोन्ही मिळून दोन तास दहा मिनिटं. ठेका एकच, फक्त पाऊल आखूड-लांब. कागदावर इतकं देखणं काही मी आयुष्यात केलं नसेल.

माझ्याबरोबर माझा मित्र होता. नाव सांगत नाही, ग्रुपमधल्या जुन्यांना माहीत आहे. सहा महिने पहाटे पावणेपाचला तो माझ्या गेटपाशी येऊन उभा राहायचा. त्याला गाणी नको असायची. धावताना तो बोलायचा : मुलीचं दहावीचं वर्ष, सोसायटीचं पाणी, आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. मी एक कान उघडा ठेवून हूं हूं करायचो.

घाटात धुकं होतं, बारीक पाऊस होता. चढात तो माझ्या पुढे गेला, कारण तो ठेक्यावर चालत नव्हता, जिवावर येईल तिथे सरळ चालायचा आणि मग पळायचा. मी चाललो नाही. ठेका चालू असताना चालणं म्हणजे सम चुकणं. वळून उताराला लागलो आणि तिसऱ्या-चौथ्या वळणावर तो कठड्यावर बसलेला दिसला. पोटरी दोन्ही हातांत धरलेली. माझ्या कमरेच्या पट्ट्यात पेटक्यासाठी ठेवलेल्या मिठाच्या गोळ्या होत्या, त्याच्याही वाटणीच्या, कारण त्याला पट्टा काचायचा.

मी त्याला पुढे कित्येकदा सांगितलं की तू दिसलाच नाहीस. धुकं होतं, कानात आवाज होता, तू हाक मारलीस ती ऐकू आली नाही. हाक ऐकू आली नाही हे खरं आहे.

दिसला होता. तोंड उघडताना दिसला. ध्रुवपद संपत आलं होतं, पुढचं गाणंही १६८ चंच होतं, आणि माझ्या डोक्यात एवढंच होतं की आत्ता थांबलो तर पाय पुन्हा ठेक्यात बसायला अर्धा किलोमीटर जाईल. मी हात वर केला. 'शाबास' म्हणून करतात तसा.

तो चालत खाली आला. मी २:०९:४० मध्ये पोचलो होतो आणि मेडल घालून फोटो काढून झाले होते. त्याने एवढंच म्हटलं, "गोळ्या तुझ्याकडे होत्या ना रे?" आता वाढदिवसाला मेसेज होतात.

यावर मला जे सांगतात, 'हेडफोन वाईटच,' त्यांच्याशी मी आजही भांडेन. हेडफोन नसता तर मी थांबलो असतो याची खात्री कोण देणार? घड्याळाकडे बघून न थांबणारे शेकड्याने आहेत. इथिओपियाचा धावपटू हाइले गेब्रसेलासी याने १९९८ मध्ये बर्मिंगहॅमला २००० मीटरचा इनडोअर विश्वविक्रम केला, तेव्हा त्याच्या पावलांना जुळणारं आवडीचं गाणं वाजत होतं, हे उदाहरण मी ग्रुपवर किती वेळा फेकलं असेल! पण ते गाणं अख्ख्या स्टेडियमला ऐकू जात होतं. माझं एकट्याच्या कानात होतं. हा फरक तेव्हा कुणी दाखवला असता, तर मी त्यालाही तक्ता पाठवला असता.

आणि तक्त्यात एक चूक होतीच, वर खोटं बोललो. उताराला पावलं वाढवायची असतात, लांबी नव्हे. १६८ वर अडून १०८ सेंटिमीटरची ढांग टाकली की पाय शरीराच्या फार पुढे पडतो आणि प्रत्येक पाऊल ब्रेक होतं. डावा गुडघा चार महिने जिन्यावरून उतरू देत नव्हता. लंगडत असताना त्याच मित्राचा फोन आला होता, डॉक्टरांचा नंबर द्यायला. मी विषय पोटरीवर जाऊ दिला नाही.

मग सोडलं का? प्लेलिस्ट पुसली, हे खरं, त्यामुळे मागू नका. पण रस्त्यावर एकटा असलो की पाय आपोआप केहरवा धरतात. बुधवारी जिममध्ये ट्रेडमिलवर मेट्रोनोम, म्हणजे नुसते ठोके देणारं यंत्र, लावतो, १६६ वर. शेजारच्याने कसला आवाज म्हणून विचारलं, तर मशीन जुनं झालंय म्हणतो.