संशोधनपर निबंधाचा ऑनलाइन वर्ग: परिच्छेदाकडून निबंधाकडे

अकॅडमिक रायटिंगच्या ऑनलाइन वर्गातील परिच्छेदलेखनाचा भाग पूर्ण झाला असून निबंधाचा भाग आता सुरू झाला आहे. पदवी नको, बढती नको, पण ज्या विषयाची आवड आहे त्यावर चार जाणकारांसमोर ठेवता येईल असे काही लिहिता यावे, एवढ्यासाठी अशा वर्गांना बसणारे हौशी अभ्यासक आपल्यात बरेच आहेत, म्हणून आतापर्यंतची प्रगती थोडी तपशिलाने नोंदवत आहे. वर्ग इंग्रजीतून चालतो. दर आठवड्याला एक ध्वनिमुद्रित व्याख्यान, एक थेट सत्र, गूगल डॉक्समध्ये लिहायचा एक स्वाध्याय आणि एखाद्या सहाध्यायाच्या लेखनाचे परीक्षण, असा क्रम असतो. प्रत्येक स्वाध्याय इंग्रजीत दिल्यानंतर मी तो मराठीतही लिहिते, कारण शेवटी मला लिहायचे आहे ते मराठीतच.

सर्व स्वाध्यायांसाठी विषय एकच ठेवला आहे: बोरिवलीजवळच्या एकसर येथील वीरगळ, म्हणजे लढाईत मरण पावलेल्या वीरांच्या स्मरणार्थ उभारलेले कोरीव दगड. नवीन सुरुवात करणाऱ्यांना मी हेच सुचवीन. दर वेळी विषय बदलला की निम्मा आठवडा माहिती जमवण्यात जातो आणि मांडणीकडे लक्ष देण्याचे राहून जाते. महाराष्ट्रात ठिकठिकाणी दिसणाऱ्या वीरगळांवर खालच्या चौकटीत लढाई, मधे वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, त्यावर शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्र-सूर्य, अशी साधारण रचना असते. एकसरचे वेगळेपण असे की तेथील लढाईच्या चौकटींत वल्ह्यांच्या रांगा असलेली जहाजे कोरलेली आहेत. हे दृश्य कोणत्या युद्धाचे, हा प्रश्न लहान आहे, पुरावा मोजका आहे आणि मतभेदाला जागा आहे. परिच्छेदलेखनाच्या सरावाला यापेक्षा सोयीचा विषय मला तरी सापडला नसता.

वर्गाची सुरुवात टॉपिक सेंटेन्सपासून झाली. परिच्छेदाच्या पहिल्या वाक्याने विषय सांगायचाच, पण त्या विषयाबद्दल आपले म्हणणे काय आहे तेही सांगायचे, असा दंडक आहे. ‘एकसरचे वीरगळ बोरिवली परिसरात आहेत’ या वाक्याने परिच्छेद सुरू होऊ शकत नाही, कारण ती माहिती आहे आणि तिच्यापुढे सिद्ध करण्यासारखे काही उरत नाही. ‘एकसरच्या वीरगळांवरील जहाजांचे चित्रण पाहता ते एखाद्या प्रत्यक्ष सागरी लढाईचे स्मारक असावेत’ हे वाक्य मात्र चालते, कारण ‘कशावरून?’ असे वाचक विचारू शकतो आणि उरलेला परिच्छेद त्याचे उत्तर देऊ शकतो. प्रत्येक पहिल्या वाक्याला हा प्रश्न विचारून पाहण्याची सवय आता लागली आहे, आणि ती वर्तमानपत्रातील लेख वाचतानाही सुटत नाही, हा थोडा त्रासच आहे.

या दंडकाचा उगम शोधताना एक रंजक माहिती मिळाली. परिच्छेदाचे नियम ज्यांनी पद्धतशीरपणे घालून दिले त्यांत स्कॉटलंडमधील अ‍ॅबर्डीन विद्यापीठात तर्कशास्त्र शिकवणारे अलेक्झांडर बेन हे प्रमुख होते. १८६६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या रचनाशास्त्रावरील पुस्तकात, परिच्छेदाच्या पहिल्या वाक्याने त्याचा विषय ठळकपणे सूचित करावा आणि परिच्छेदात एकच हेतू असावा, असे नियम आहेत. पुढे १९७४ मध्ये रिचर्ड ब्रॅडॉक या अमेरिकन अभ्यासकाने नामवंत मासिकांतील निबंध तपासले, तेव्हा त्यांतील जेमतेम १३ टक्के परिच्छेद टॉपिक सेंटेन्सने सुरू होतात असे त्याला आढळले. मुरलेले लेखक जे स्वतः पाळत नाहीत ते शिकाऊ लेखकांकडून का करून घ्यायचे, असा प्रश्न थेट सत्रात निघालाच. त्यावर मला पटलेले उत्तर असे की टॉपिक सेंटेन्सचा खरा उपयोग लेखकाला होतो. ते लिहून काढल्याशिवाय परिच्छेदात काय ठेवायचे आणि काय गाळायचे हे ठरत नाही. ठरल्यावर ते वाक्य जागेवरून हलवले किंवा काढून टाकले तरी बिघडत नाही.

वाक्यांच्या जोडणीचा धडा मराठीत आणताना मात्र वेगळा विचार करावा लागला. आधीच्या वाक्यात येऊन गेलेली गोष्ट पुढच्या वाक्याच्या आरंभी घ्यावी आणि नवी गोष्ट शेवटी आणावी, असे इंग्रजीसाठी शिकवतात. मराठी वाक्य क्रियापदाने संपते, त्यामुळे वाक्याच्या अगदी शेवटच्या जागी जोर देण्यासारखे बहुधा काही नसते. जोर पडतो तो क्रियापदाच्या लगेच आधीच्या शब्दांवर. ‘हेमाद्रीने या युद्धाचे वर्णन केले आहे’ आणि ‘या युद्धाचे वर्णन हेमाद्रीने केले आहे’ या दोन वाक्यांत माहिती तीच आहे, पण पहिल्यानंतर वर्णनाविषयी पुढे वाचण्याची अपेक्षा तयार होते आणि दुसऱ्यानंतर हेमाद्रीविषयी. परिच्छेद दुरुस्त करताना मी आता शब्द बदलण्याआधी त्यांचा क्रम बदलून पाहते, आणि पुष्कळदा तेवढ्याने ‘तसेच’, ‘त्याचप्रमाणे’, ‘त्यामुळे’ यांची गर्दी कमी होते.

सर्वांत जास्त वेळ गेला तो पुरावा आणि विधान यांच्यातील दुव्यावर. पुरावा दिला की काम झाले, असे आपल्या हौशी लेखनात सर्रास गृहीत धरले जाते. छायाचित्र जोडले, शिलालेखाचे वाचन दिले, ग्रंथातील उतारा दिला, की निष्कर्ष वाचकाने काढायचा. वर्गात हे चालत नाही. स्टीव्हन टूलमिन या ब्रिटिश तत्त्वज्ञाने १९५८ मध्ये युक्तिवादाची जी मांडणी केली, तिच्या आधारे येथे तीन गोष्टी वेगवेगळ्या लिहून काढायला लावतात: दावा, आधार, आणि त्या आधारावरून तो दावा का करता येतो हे सांगणारे सामान्य तत्त्व. तिसरी गोष्ट लिहिताना मला न्यायदर्शनातील, म्हणजे भारतीय तर्कशास्त्राच्या परंपरेतील, पंचावयवी (पाच भागांचे) वाक्य आठवले. प्रतिज्ञा: पर्वतावर अग्नी आहे. हेतू: कारण तेथे धूर आहे. उदाहरण: जेथे धूर तेथे अग्नी, जसे स्वयंपाकघरात. उपनय: या पर्वतावरही तसाच धूर आहे. निगमन: म्हणून तेथे अग्नी आहे. टूलमिनचे सामान्य तत्त्व आपल्याकडे उदाहरणाच्या अवयवात, व्याप्तीच्या (‘जेथे हे तेथे ते’ अशा नित्य संबंधाच्या) रूपाने, बसलेले आहे. दोन्ही परंपरा एकच आहेत असे मी म्हणत नाही. न्यायाची मांडणी अनुमानासाठी आणि वादासाठी आहे, परिच्छेदासाठी नाही. तरीही पाच अवयव समोर ठेवून परिच्छेद तपासला की बहुतेक वेळा नेमके मधले वाक्य गायब असल्याचे दिसते.

एकसरवर हे लावून पाहिले. प्रतिज्ञा: हे वीरगळ सागरी लढाईचे स्मारक आहेत. हेतू: त्यांवर जहाजांतून लढणारे योद्धे कोरलेले आहेत. आता व्याप्ती लिहायची, तर ‘वीरगळावर जी लढाई कोरलेली असते तशीच लढाई त्या वीराने दिलेली असते’ असे काहीतरी म्हणावे लागते, आणि ते लिहिताच शंका सुरू होतात. गायींच्या रक्षणासाठी मरण पावलेल्या वीराच्या दगडावर गायी दिसतात, हे या व्याप्तीच्या बाजूने आहे. पण शिल्पकार ठरावीक साच्यातून दृश्ये घडवत असतील, तर दृश्यातील प्रत्येक तपशील प्रत्यक्ष घटनेचा मानता येत नाही. जो हेतू साध्य (सिद्ध करायची गोष्ट) असलेल्या ठिकाणी आढळतो आणि नसलेल्या ठिकाणीही आढळू शकतो, त्याला न्यायदर्शनात सव्यभिचार म्हणतात. त्यामुळे दाव्याचे दोन भाग केले. जहाजांचे चित्रण नेहमीच्या साच्यात बसत नाही, म्हणून ते सागरी लढाईकडे निर्देश करते, हा पहिला भाग टिकला. वल्ही कशी होती, योद्धे किती होते, जहाजे किती मोठी होती, असे तपशील त्याच दृश्यातून काढणारा दुसरा भाग गळला.

लढाई कोणती, हा पुढचा परिच्छेद होता. युद्धाचे नाव आणि साल सांगणारा लेख या दगडांवर मिळत नाही. सामान्यतः त्यांचा संबंध देवगिरीचा यादव राजा महादेव आणि उत्तर कोकणचा शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर यांच्यातील, सुमारे १२६५ च्या युद्धाशी जोडला जातो. महादेवाचा मंत्री हेमाद्री याच्या ‘चतुर्वर्गचिंतामणी’तील प्रशस्तीत, सोमेश्वर समुद्रात बुडाला आणि महादेवाच्या क्रोधाग्नीपेक्षा त्याला वडवानल (समुद्रातला अग्नी) बरा वाटला, अशा अर्थाचे वर्णन आहे. दगड याहून आधीच्या काळातील मानणारेही मत आहे. म्हणजे हाती एक लेख नसलेले शिल्प आहे आणि विजेत्या राजाच्या मंत्र्याने रचलेले स्तुतिपर काव्य आहे. दोन्हींत समुद्र आहे, एवढेच त्यांना जोडणारे सूत्र. एवढ्यावरून किती ठामपणे बोलता येईल?

हा प्रश्न आमच्या वर्गात हेजिंग, म्हणजे पुराव्याच्या मानाने विधान सौम्य करणे, या नावाखाली येतो आणि त्यावर दोन आठवडे खर्च झाले. इंग्रजीत त्यासाठी सहायक क्रियापदे आणि क्रियाविशेषणे यांची यादी पाठ करावी लागते. मराठीत ही सोय क्रियापदाच्या रूपांतच आहे. ‘हे त्या युद्धाचे स्मारक आहे’, ‘असावे’, ‘असू शकेल’, ‘असणे अशक्य नाही’, या चारांत खात्री पायरीपायरीने उतरत जाते. अडचण अशी की ‘असावे’ आपल्या हाताला इतके सवयीचे झाले आहे की ते कोणत्याही वाक्याला लागते, आणि मग वाचकाला ते नम्रतेसाठी आहे की पुराव्याच्या कमतरतेसाठी, हे कळत नाही. शिक्षिकांचा नियम सोपा आहे: शंकादर्शक रूप वापरले तर शंकेचे कारण त्याच परिच्छेदात दिसले पाहिजे. याहून अधिक सावध राहावे ते ‘मानले जाते’ आणि ‘सांगितले जाते’ यांपासून. कोण मानतो, कोठे आणि कोणत्या आधारावर, हे या रूपांत पूर्ण झाकले जाते. वर दोन ठिकाणी मीच ‘जोडला जातो’ आणि ‘मत आहे’ असे लिहिले आहे. नोंदीत ते खपते, पण निबंधात त्या प्रत्येक ठिकाणी अभ्यासकाचे नाव आणि पृष्ठ द्यावे लागेल.

सहाध्यायांच्या परीक्षणाविषयी माझे मत आता बदलले आहे. ज्याला विषय माहीत नाही त्याने काय सुचवणार, असे पूर्वी वाटे. माझा परिच्छेद ज्यांच्याकडे गेला त्या ब्राझीलमधील बाईंनी वीरगळ हा शब्द कधीच ऐकलेला नव्हता. त्यांनी व्याकरणाला हात न लावता समासात तीन प्रश्न लिहिले: हा दगड कोण उभारतो, तो थडग्यावर असतो का, आणि मेलेल्या माणसाचे चित्र तीन मजल्यांत का काढतात? तिन्हींची उत्तरे मला ठाऊक आहेत असे धरून मी चालले होते. पहिले उत्तर लिहायला बसल्यावर मात्र त्याच्या आधारासाठी पुस्तके काढावी लागली. महाराष्ट्रातील वाचकाने हे प्रश्न विचारले नसते.

संदर्भ देण्याच्या पद्धतीवर थोडक्यात. इतिहासाच्या विषयाला तळटिपांची शिकागो पद्धत सोयीची पडते, कारण दगडाची सध्याची स्थिती किंवा वाचनातील फरक यांविषयी दोन ओळी टिपेतच लिहिता येतात. नोंदी ठेवण्यासाठी झोटेरो हा संदर्भ सांभाळणारा संगणक प्रोग्राम वापरते. तो मोफत आहे आणि देवनागरी नीट साठवतो. जुन्या मराठी पुस्तकांवर नुसता शक छापलेला असतो, तेव्हा ७८ मिळवून इसवी सन लिहिते आणि शकही जपते. वर्ष चैत्रात बदलत असल्याने जानेवारी ते मार्चमधील प्रकाशनासाठी ७९ मिळवावे लागतात. १८८२ चे ठाणे जिल्ह्याचे गॅझेटिअर, ज्यात एकसरच्या दगडांचे जुने वर्णन आहे, त्याच्या नोंदीत खंडाचा क्रमांक द्यावा, नाहीतर वाचकाला ते पान सापडत नाही.

निबंधाच्या भागात सध्या प्रस्तावना चालू आहे. भाषाअभ्यासक जॉन स्वेल्स यांनी १९९० मध्ये मांडलेला तीन पायऱ्यांचा क्रम येथे शिकवतात: क्षेत्र दाखवा, त्यातील रिकामी जागा दाखवा, मग ती तुम्ही कशी भरणार ते सांगा. दुसऱ्या पायरीवर हौशी लेखकाची पंचाईत होते, कारण ‘यावर आजवर कोणी लिहिलेले नाही’ असे म्हणायला सगळे वाङ्मय पाहिलेले असावे लागते. मी जागा लहान केली: काळाविषयीची दोन्ही मते शिल्पातील नेमक्या कोणत्या तपशिलांवर उभी आहेत, एवढेच तपासायचे. पाच परिच्छेदांचा शाळकरी साचा या प्रश्नाला पुरत नाही, कारण दोन मतांना सारखी जागा दिली की निबंध दोन याद्यांसारखा होतो. म्हणून उलट मत आधी, पूर्ण ताकदीने, आणि त्याला उत्तर देत देत आपले म्हणणे, असा पूर्वपक्ष-उत्तरपक्षाचा क्रम धरला आहे. शिक्षिकांनी आराखडा मान्य केला, मात्र पूर्वपक्षाच्या परिच्छेदात माझे शेरे मधे मधे डोकावतात ते काढायला सांगितले आहे.

पुढचे काम म्हणजे गॅझेटिअरमधील वर्णन हाती घेऊन ते प्रत्येक दगडाच्या एकेका चौकटीशी ताडून पाहणे, कारण काही कोरीवकाम झिजलेले असल्याने आज न दिसणारा तपशील केवळ जुन्या वर्णनावरून मांडावा लागेल आणि तसे टिपेत स्पष्ट लिहावे लागेल. मराठी साधनांसाठी, विशेषतः शक आणि आद्याक्षरांची नावे सांभाळणारी, झोटेरोची संदर्भशैली कोणी तयार केली असेल तर जरूर कळवावे. सध्या त्या नोंदी मी हाताने दुरुस्त करते.