दर दोन चौरस किलोमीटरला एक माणूस

माझ्या कामाच्या टापूत टेक्सासचं उत्तर टोक आणि ओक्लाहोमाचं पश्चिम टोक मिळून बऱ्याच काउंट्या येतात. त्यातली सगळ्यात लांबची आणि मला सगळ्यात आवडती म्हणजे सिमॅरॉन. काउंटी म्हणजे आपला जिल्हा, असं मी घरी सांगते. कोर्ट, शेरीफ, जमिनीच्या नोंदी, करवसुली, सगळं स्वतंत्र. माणसांच्या हिशेबानं मात्र आमच्या आटपाडीकडचं एखादं बऱ्यापैकी गाव या अख्ख्या जिल्ह्याला भारी पडेल. २०२०च्या जनगणनेत तिथं २,२९६ माणसं निघाली. ओक्लाहोमाच्या ७७ काउंट्यांत सगळ्यात कमी. क्षेत्रफळ पावणेपाच हजार चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याहून हजारभर जास्तच. भागाकार केला तर दर दोन चौरस किलोमीटरला एक माणूस. महाराष्ट्रात २०११च्या जनगणनेनं एका चौरस किलोमीटरला ३६५ मोजली होती.

मी पीक विम्याच्या नुकसानीची पाहणी करते. आपल्याकडं ज्याला पंचनामा म्हणतात तेच, फक्त तलाठ्याच्या जागी विमा कंपनीनं पाठवलेली बाई. अमरिलोहून २८७ नंबरच्या हायवेनं उत्तरेला सुटायचं. डुमास, स्ट्रॅटफर्ड, मग राज्याची हद्द, मग बॉईस सिटी. दोनेकशे किलोमीटर. गहू, ज्वारी, मका, गाईगुरं, धान्याचे उंच सायलो, पुन्हा गहू. शेवटच्या टप्प्यात पेट्रोल पंप दिसला की गरज असो-नसो टाकी भरून घ्यायची, हे मला इथल्या सहकाऱ्यांनी पहिल्याच महिन्यात बजावलं होतं.

नकाशात ओक्लाहोमाच्या डाव्या बाजूला तव्याच्या दांड्यासारखी एक पट्टी निघते. तिचं नावच पॅनहँडल. त्या दांड्याचं अगदी टोक म्हणजे सिमॅरॉन. वर कॉलोरॅडो आणि कॅन्सस, डावीकडं न्यू मेक्सिको, खाली टेक्सास. आपलं राज्य सोडून आणखी चार राज्यांना भिडणारी अमेरिकेत ही एकच काउंटी आहे. ही पट्टी कुठल्या डोंगरानं किंवा नदीनं आखलेली नाही, ती गुलामगिरीच्या राजकारणातून उरली. १८२०च्या तडजोडीनं साडेछत्तीस अक्षांशाच्या उत्तरेला गुलामगिरी चालणार नाही असं ठरलेलं. टेक्सासला गुलाम ठेवायचे होते, म्हणून त्यानं १८५० साली त्या रेषेच्या वरची जमीन सोडून दिली. चार वर्षांनी कॅन्ससची दक्षिण हद्द सदतिसाव्या अक्षांशावर आखली गेली. मधली पंचावन्न किलोमीटर रुंदीची चिंधी कुणाचीच नाही. १८९० पर्यंत तिथं ना कोर्ट, ना सातबारा, ना पोलीस. लोक घरं बांधून राहत होते, पण जमिनीची मालकी नोंदवायला जागाच नव्हती. १९०७ला ओक्लाहोमा राज्य झालं तेव्हा ही काउंटी तयार झाली.

आणि लगेच दुसऱ्या वर्षी फसवणूक झाली. बॉईस सिटी हे काउंटीचं मुख्य गाव एका जमीन कंपनीनं कागदावर वसवलं. माहितीपत्रकात फरसबंद रस्ते, झाडांच्या रांगा, आपोआप उसळणाऱ्या विहिरी. लोकांनी लांबून पैसे पाठवून प्लॉट घेतले आणि येऊन बघतात तर माळ. कंपनीच्या प्रवर्तकांना टपालातून फसवणूक केल्याबद्दल शिक्षा होऊन तुरुंगात जावं लागलं. पण काहीजण परत गेलेच नाहीत. आलोच आहोत तर राहू, म्हणून राहिले. गाव खरंच उभं राहिलं आणि आजही मधोमध विटांचं कोर्ट, त्याला वळसा घालून जाणारे पाच-सहा हायवे, अशीच त्याची रचना आहे. या कोर्टाच्या चौकावर जुलै १९४३ मध्ये अमेरिकेच्याच एका बी-१७ विमानानं रात्री सरावाचे सहा बॉम्ब टाकले होते. डालहार्टच्या हवाई तळावरून उडालेल्या त्या विमानातल्या दिशादर्शकाला, म्हणजे मार्ग सांगणाऱ्या माणसाला, चौकातले दिवे सरावाचं लक्ष्य वाटले. वाळू आणि थोडा दारूगोळा भरलेले बॉम्ब, त्यामुळं कुणाला काही झालं नाही. गावानं त्याचं स्मारक करून ठेवलंय.

काउंटीचा बराचसा भाग सपाट आहे, इतका की नवख्या माणसाला अंतराचा अंदाजच येत नाही. पण वायव्य कोपऱ्यात केंटन नावाच्या वस्तीकडं गेलं की जमीन अचानक फाटते. खोल घळी, लालपिवळे खडक आणि त्यावर ब्लॅक मेसा. राज्यातलं सगळ्यात उंच ठिकाण, ४,९७३ फूट. मी पहिल्यांदा वर गेले आणि हसूच आलं. पायाखाली आपला काळा पाषाण! काही लाख वर्षांपूर्वी नव्हे, काही दशलक्ष वर्षांपूर्वी इथं लाव्हा वाहत आला आणि थिजला. आजूबाजूची मऊ जमीन झिजून खाली गेली, लाव्ह्यानं झाकलेला तेवढा भाग वर राहिला. सह्याद्रीच्या सड्यावर चालल्यासारखंच वाटतं, फक्त करवंदांच्या जागी चोया नावाचं काटेरी निवडुंग. खाली कॅरिझो ओढ्याच्या पात्रात डायनोसॉरच्या पावलांचे ठसे आहेत. केंटनची माणसं घड्याळ डोंगरी प्रदेशाच्या वेळेवर लावतात, बाकी सगळं राज्य एक तास पुढं. हे अधिकृत नाही, पण त्यांचा व्यवहार सगळा न्यू मेक्सिकोशी, मग उगाच ओक्लाहोमाचं घड्याळ कशाला पाळायचं?

आता पावसाचं. वर्षाला सतरा-अठरा इंच, सव्वाचारशे ते साडेचारशे मिलिमीटर. याच राज्याच्या आग्नेय टोकाला पन्नास इंच पडतो. आमच्या माणदेशातलं मानही या सतरा-अठरापासून फार लांब नाही, त्यामुळं मामांना आकडा सांगितला तेव्हा ते म्हणाले, "मग आपलंच रान की गं ते. त्यात नवल काय?" नवल वाऱ्यात आहे, मामा. डोंगराची आडकाठी नाही, झाडांची नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये वारा सुटला की गाडीचं दार दोन्ही हातांनी धरून उघडावं लागतं. एका बाईच्या पाहणीत तिचा क्लिपबोर्ड उडून तारेच्या कुंपणापलीकडं गेला होता. बाई कोण ते सांगत नाही.

त्याच दिवसांत माझं काम जास्त. गहू सप्टेंबरात पेरलेला, मार्चमध्ये जेमतेम वीतभर. थंडीत पाऊस-बर्फ झालं नसेल तर जमीन पिठासारखी होते आणि वारा ती रेती पिकाच्या पानांवर मारत सुटतो. पाती शेंड्याकडून पांढरी पडतात, मग करपतात. लांबून शेत मेल्यासारखं दिसतं, पण तेवढ्यावर लिहून चालत नाही. ओळीला पट्टी लावायची, तेवढ्या लांबीतली रोपं मोजायची. मग दोन-चार रोपं उपटून चाकूनं मुळाच्या वरची गाठ उभी चिरायची. आतला गर पांढरा, टणक असला तर रोप जिवंत आहे, पाऊस आला तर फुटवा धरेल. तपकिरी, लिबलिबीत असला तर गेलं. असं शेताच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांत करायचं. शेत म्हणजे १६० एकरांचा एक चौकोन, म्हणजे चाल भरपूर.

मागच्या मार्चमध्ये मी अशीच गाठी चिरत बसले होते आणि शेजारच्या चौकोनात सत्तरीतला शेतकरी ट्रॅक्टरनं उभ्या पिकात नांगरट करत होता. पूर्ण शेत नाही, वाऱ्याला आडवे पट्टे, मध्ये जागा सोडून. लोखंडी दात खोल घालून ओली ढेकळं वर काढायची, म्हणजे जमीन खरबरीत होते आणि उडायची थांबते. स्वतःचंच पीक मोडावं लागतं. मी विचारलं, विम्याची पाहणी व्हायच्या आधी का मोडता? म्हणाला, "पीक काय, पुढच्या वर्षी येईल. माती उडाली की ती कॅन्ससची." मग थांबून, "माझ्या आजोबांची गेली होती."

आजोबांचा काळ म्हणजे १९३०चं दशक. त्याआधी पहिल्या महायुद्धात गव्हाला भाव चढला, ट्रॅक्टर आले आणि हजारो वर्षं गवतानं धरून ठेवलेली जमीन पंधरा-वीस वर्षांत उलथून टाकली. १९३० साली काउंटीत ५,४०८ माणसं होती, इतकी त्यानंतर कधीच झाली नाहीत. मग भाव पडला, पाठोपाठ पाऊस गेला. १४ एप्रिल १९३५ला, रविवारी, काळ्या धुळीची भिंत या माळावरून दक्षिणेला गेली. पुढच्या एप्रिलमध्ये सरकारी छायाचित्रकार आर्थर रॉथस्टीननं याच काउंटीत एक फोटो काढला: धुळीत वाकून चालणारा बाप, दोन मुलं, रेतीत अर्धं गाडलेलं खोपटं. अमेरिकेतल्या शाळेच्या पुस्तकांत तो हमखास असतो.

त्या फोटोमुळं सगळ्यांना वाटतं की इथली माणसं तेव्हाच उठून गेली. आकडे तसं सांगत नाहीत. १९४० साली ३,६५४ होती. एक तृतीयांश घट, म्हणजे दोन तृतीयांश तर जागेवरच. कॅलिफोर्नियाला गेलेले बहुतेक ओक्लाहोमावाले राज्याच्या पूर्व आणि मध्य भागातले, या पट्टीतले थोडे. उलट १९५०ला आकडा ४,५८९ पर्यंत चढला. खरी गळती त्यानंतरची: १९८०ला ३,६४८, २०००ला ३,१४८, २०१०ला २,४७५. या शेवटच्या दहा वर्षांत पाचवा हिस्सा माणसं कमी झाली आणि त्यांचा फोटो काढायला सरकारनं कुणाला पाठवलं नाही.

मला यात सर्वात जास्त टोचलेली गोष्ट अशी, की ही गळती पाणी आल्यानंतरची आहे. जमिनीखाली ओगालाला नावाचा प्रचंड जलसाठा आहे. युद्धानंतर खोल बोअर आणि ताकदवान पंप आले, मग स्वतःभोवती फिरणारे फवाऱ्याचे लांब पाइप आले. विमानातून दिसणारी ती हिरवी वर्तुळं. उत्पन्न वाढलं, मका आला, गुरांचे गोठे आले. माणसं मात्र घटतच गेली. कारण सरळ आहे: सरकारनं वसाहतवाल्यांना दिलेल्या १६० एकरांत इथं कधीच कुणाचं भागलं नाही, आणि पंप-ट्रॅक्टरनं एका माणसाला दोन-चार हजार एकर करता येऊ लागले. मग शेजारी विकून जातो, उरलेला घेतो. शाळेतली मुलं कमी होतात, दुकान बंद पडतं, म्हणून आणखी एक घर जातं. आणि ओगालालाचं पाणी तर भरून येण्यापेक्षा उपसलं जातंय कितीतरी जास्त.

आमच्याकडं लहानपणापासून एकच मंत्र ऐकलेला: पाणी आलं की माणूस हलणार नाही. माझे मामा सोन्याचांदीच्या गलाईच्या धंद्यात, खानापूर-आटपाडीच्या हजारो घरांसारखे. चाळीस वर्षं तामिळनाडूत भट्टी लावून बसलेत. दुष्काळानं बाहेर काढलं असं तेही म्हणतात. पण त्यांनी गावात दोन मजली घर बांधलं, जत्रेला येतात, मतदान गावात करतात, आणि टेंभू उपसा योजनेचं पाणी आल्यावर त्यांनी डाळिंब लावलं. सिमॅरॉनमधून गेलेल्याचं तसं नाही. जमीन विकली की घराला काही किंमत उरत नाही, मग घेणारा ते पाडून तिथंही गहू पेरतो. मला पाहणीत कितीदा तरी गव्हाच्या मधोमध एल्मची दोन झाडं दिसतात, बाकी काही नाही. ती अंगणातली असतात.

मामांना हे सांगितलं तर त्यांना पटत नाही. "एवढं रान, वर पाणी, अन् माणूस विकून जातंय? त्यांचे भाऊबंद काही बोलत नाहीत?"

"भाऊबंदच विकत घेतात, मामा."

"मग बरोबर," म्हणाले.

शेजारची टेक्सास काउंटी (नाव टेक्सास, राज्य ओक्लाहोमाच) याच पावसावर, याच मातीवर, याच ओगालालावर बसलेली आहे. तिथं १९९०ला १६,४१९ माणसं होती, २०२०ला २१,३८४. नव्वदीत गायमन गावाला डुकराच्या मांसाचा मोठा कारखाना आला. मेक्सिको, ग्वाटेमालापासून लोक कामाला आले आणि गायमनच्या रस्त्यावर आता ताज्या तॉर्तियाची दुकानं आहेत. बॉईस सिटीहून किराण्याची मोठी खरेदी करायची तर तिथंच, तासभर गाडी हाकून. सिमॅरॉनमध्येही स्पॅनिश बोलणारी घरं वाढलीयेत, २०१०लाच पाचातलं एक माणूस हिस्पॅनिक होतं; गोठ्यांवर आणि ट्रॅक्टरवर आता तीच पोरं दिसतात. पण कारखाना यायला माणसं लागतात आणि माणसं यायला कारखाना, यातलं आधी काय आणायचं ते बॉईस सिटीला अजून जमलेलं नाही.

एका गोष्टीत मात्र ओसाडीचा फायदा त्यांनी बरोबर करून घेतलाय. केंटनजवळचं आकाश देशातल्या सगळ्यात काळोख्या आकाशांपैकी आहे, आणि दर शरदात दूरदूरचे हौशी लोक दुर्बिणी घेऊन आठवडाभर तिथं तळ ठोकतात. केंटनच्या मानानं ती जत्राच. गावातल्या लोकांपेक्षा दुर्बिणी जास्त. यंदा ऑक्टोबरात ज्वारीची पाहणी असेल तर मी तारखा जुळवून बघणार आहे. गाडीचे दिवे लावायचे नाहीत असा तिथं कडक नियम आहे, तेव्हा पोचायचं तर उजेडात.