सनईवाल्या काकांची जीभ

चिठ्ठीवर एकच ओळ होती : 'जीभ कमजोर, व्यायाम द्या.' पेशंटचं तोंडही न उघडता लिहिलेल्या अशा चिठ्ठ्या माझ्याकडे नेहमी येतात.

काका सनई वाजवतात, वय ५६. झोपेच्या तपासणीत तासाला ४१ वेळा श्वास अडलेला, ऑक्सिजन ७४ टक्क्यांपर्यंत उतरलेला. झोपेत श्वास अडण्याचा हा आजार, स्लीप ॲप्निया; तासाला ३०च्या वर गेलं की तीव्र. मास्कमधून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवणारं सीपॅप मशीन लिहून दिलेलं, पण मास्क लावून झोपायला ते तयार नव्हते. "व्यायामानं होत असेल तर बघा, मॅडम."

मी स्पीच थेरपिस्ट. जिभेचा जोर मोजायला आमच्याकडे बोटाच्या पेराएवढा हवेचा मऊ फुगा असतो, त्याला नळी आणि आकडा दाखवणारी डबी. फुगा पुढच्या दातांमागे टाळूशी धरून जिभेनं दाबायचा. पेशंट हटकून जबडा लावतात, मग आकडा वाढतो आणि रिपोर्ट खोटा पडतो. म्हणून मी त्यांच्या जबड्यावर हात ठेवूनच बसते. तीनदा दाबायला लावते, सगळ्यात मोठा आकडा धरते. निरोगी माणसाचा साधारण ६० किलोपास्कलच्या आसपास येतो. काकांचे आले ६३, ६६, ६५. निम्म्या जोरावर धरून ठेवा म्हटलं, तर मी पुरे म्हणेपर्यंत सोडला नाही. चाळीस वर्षं सनईच्या पत्तीवर चाललेली जीभ!

मी आकडे लिहीत होते तेवढ्यात काका खुर्चीतच झोपले. भर दुपारी बारा वाजता. घोरणं चढत गेलं आणि एकदम थांबलं. छाती-पोट हलतंय, पण हवा आत जात नाही. शेजारी काकू बोटांची पेरं मोजायला लागल्या. रोज रात्रीची सवय. मी भिंतीवरच्या घड्याळात पाहिलं : १९ सेकंद. मग मोठा हुंदका, मानेला झटका, श्वास आला. फुगा चेपणारी जीभ हीच.

"एवढी ताकद आहे, तर झोपेत जाते कुठं?" काकूंनी विचारलं.

मी कागदावर काढून दाखवलं. जिभेला पुढे ओढून धरतो तो जिनिओग्लॉसस स्नायू, त्याला मेंदूकडून बारावी नस चालवते. काकांचा घसा मुळातच अरुंद, मानेचा घेर ४४ सेंटिमीटर, जिभेच्या कडांवर दातांचे ठसे. जागेपणी तो स्नायू जादा राबून वाट उघडी ठेवतो. डोळा लागला की नसेवरून येणारा जोर ओसरतो आणि जीभ मागे घसरते.

व्यायामांवर माझा विश्वास आहे. ब्राझीलमधल्या २००९च्या अभ्यासात मध्यम आजाराच्या पेशंटनी तीन महिने जीभ-घशाचे व्यायाम केले, तेव्हा तासाचा आकडा सरासरी २२ वरून १४ वर आला. पण काका ४१ वर आहेत. 'पाच मिनिटांत घोरणं बंद' असे व्हिडिओ टाकणाऱ्यांची मला चीड येते, ते पाहून लोक मशीन कपाटात ठेवतात. आणि जीभ बळकट करा, असं मीही इतकी वर्षं सगळ्यांना सांगत आले. ६६ किलोपास्कलवाल्याला आणखी काय बळकट करणार? हा प्रश्न त्या दिवसापासून डोक्यातून जात नाही.

मशीन आधी, व्यायाम जोडीला, असं मी ठामपणे सांगितलं. मास्क लावून पाहिला तेव्हा काका सवयीनं मशीनलाच उलट फुंकायला लागले. "फुंकू नका काका, येऊ द्या आत," हे शिकवण्यात अर्धा तास गेला.

पंधरा दिवसांनी दोघं आले. काकू म्हणाल्या, "आता मोजायला काही उरलंच नाही. मलाच झोप लागत नव्हती दोन रात्री."