शेजारच्या कंटेनरमधली फाइल

जून २०१४. पुण्यातल्या एका होस्टिंग कंपनीत मी सिस्टीम अ‍ॅडमिन होतो. आमचे सगळे व्हीपीएस, म्हणजे ग्राहकांना भाड्याने दिलेले आभासी सर्व्हर, ओपनव्हीझेड या लिनक्सवरच्या प्रणालीवर चालायचे. एका सर्व्हरवर पन्नास-साठ कंटेनर, म्हणजे एकमेकांपासून वेगळे ठेवलेले कप्पे, प्रत्येकाला स्वतःचा रूट (सर्वाधिकार असलेला युजर), स्वतःचा आयपी. कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, मात्र सगळ्यांत मिळून एकच.

त्या आठवड्यात नवा कर्नल आला, ०४२स्टॅब०९०.५. एरवी अशा अपडेटमध्ये कुठला ड्रायव्हर सुधारलेला असायचा, कुठे मेमरी गळत असायची ती थांबवलेली असायची, आणि आम्ही निवांत पुढच्या ठरलेल्या रीबूटला तो घालायचो. या वेळी दुरुस्ती वेगळीच होती. सिमएफएस या फाइली ठेवायच्या जुन्या पद्धतीवरच्या कंटेनरमधला रूट ‘ओपन बाय हँडल अ‍ॅट’ या सिस्टीम कॉलने (प्रोग्रामने कर्नलला केलेल्या विनंतीने) कंटेनरबाहेरच्या फाइली उघडू शकत होता. आमचे जुने कंटेनर झाडून सगळे सिमएफएसवर.

नुसतं वाचून पटेना. टेस्ट सर्व्हरवर १०१ आणि १०२ असे दोन कंटेनर उभे केले. १०२ मध्ये एक फाइल ठेवली, आत फक्त माझं आडनाव. मग १०१ मध्ये शिरून छोटासा सी प्रोग्राम चालवला. एरवी फाइल उघडायची तर पाथ द्यावा लागतो, आणि कंटेनरचा पहारा त्या पाथवरच असतो. हा कॉल पाथ विचारतच नाही, आयनोड नंबरचं, म्हणजे डिस्कवरच्या फाइलच्या क्रमांकाचं, हँडल दिलं की झालं. एक्स्ट४ या आमच्या डिस्कवरच्या फाइलसिस्टीममध्ये सगळ्यात वरच्या डिरेक्टरीचा आयनोड कायम २. आणि सिमएफएस म्हणजे काही वेगळी डिस्क नव्हे, होस्टच्या, म्हणजे मूळ सर्व्हरच्या, पार्टिशनमधली एक साधी डिरेक्टरी. मी २ दिला. आख्खं पार्टिशन उघडलं. ‘प्रायव्हेट’ या डिरेक्टरीमध्ये १०१ आणि १०२ शेजारी-शेजारी. १०१ मध्ये बसून मी १०२ मधलं माझं आडनाव वाचलं.

हातपाय गार पडले. आमच्या एका सर्व्हरवर एका डॉक्टरांच्या पेशंटच्या नोंदी होत्या, आणि त्याच सर्व्हरवर पैसे भरून कुणीही रूट घेऊ शकत होतं.

वरून निरोप आला, रविवारपर्यंत थांबा. मी लॅपटॉप उचलून साहेबांसमोर ठेवला आणि तोच प्रोग्राम पुन्हा चालवून दाखवला. त्याच रात्रीची परवानगी मिळाली.

एक रिकामा सर्व्हर आधी नव्या कर्नलवर घेतला आणि व्हीझेडमायग्रेट या ओपनव्हीझेडच्या कमांडने चालू कंटेनर तिकडे हलवायला लागलो. कंटेनर गोठवायचा, मेमरीसकट उचलायचा, पलीकडे जागा करायचा. पिंग काही सेकंद अडकतं आणि पुन्हा धावू लागतं. इतक्या वेळा पाहूनही मला त्याचं अप्रूप वाटतं. काही कंटेनर गोठायलाच तयार नव्हते, ते सरळ बंद करून सुरू केले. डॉक्टरांचा त्यांतलाच. पहाटे टेस्ट सर्व्हरवरही नवा कर्नल घालून १०१ मध्ये प्रोग्राम चालवला, तेव्हा तो एरर देऊन थांबला. पुढे आम्ही नवे कंटेनर सिमएफएसऐवजी प्लूपवरच द्यायचं ठरवलं. तिथे प्रत्येकाची डिस्क-इमेज स्वतंत्र असते.

सकाळी डॉक्टरांचा फोन आला. “रात्री सॉफ्टवेअर बंद होतं. माझ्याकडे काही बिघडलं का?”

“तुमच्याकडे काही नाही, डॉक्टर. आमच्या कर्नलमध्ये दोष होता. शेजारच्या कंटेनरमधून तुमच्या फाइली वाचता येत होत्या. रात्री तो दोष दूर केला.”

ते जरा वेळ गप्प राहिले. “मग कुणी वाचल्या का?”

त्या सिस्टीम कॉलची नोंद आम्ही कधी ठेवलीच नव्हती. मी म्हणालो, “ते मला सांगता येणार नाही, डॉक्टर. आमच्याकडे तशी नोंद नाही.”