रोजच दुखतं, मग इमर्जन्सी कधी?

‘तुला तर रोजच दुखतं. मग आज दवाखान्यात धावायचं की नाही, हे ठरवतेस कसं?’ हा प्रश्न मला दोन प्रकारची माणसं विचारतात. काहींच्या मागे दुखणं नव्याने लागलेलं असतं आणि ती मनापासून घाबरलेली असतात. काहींना मला कमरेवर हात ठेवून उभी बघायची सवय झालेली असते, आणि त्यांच्या मते मी एक तर उगाच धावते किंवा उगाच अंगावर काढते. उत्तर दोघांना एकच आहे. दुसऱ्या प्रकारच्यांना देताना माझा आवाज जरा चढतो, इतकंच. मी डॉक्टर नाही. वर्षानुवर्षं पेशंट आहे, त्या नात्याने सांगते.

माझं दुखणं मणक्याचं. कमरेच्या अगदी खालची गादी सरकली आणि डाव्या पायाची नस दाबली गेली. तीन महिन्यांच्या वर टिकलेल्या दुखण्याला डॉक्टर क्रॉनिक म्हणतात. माझं ती मुदत कधीच ओलांडून गेलंय. नस जितकी दाबली गेली असेल त्याहून जास्त आता ती चिडलेली असते. जरा जास्त वेळ बसले, ओणवं होऊन काही उचललं, की दोन-दोन दिवस कण्हत काढावे लागतात, आणि त्या दोन दिवसांत आत नवं काहीही बिघडलेलं नसतं.

म्हणूनच कॅज्युअल्टीत हमखास विचारला जाणारा ‘दुखणं दहापैकी किती?’ हा प्रश्न मला घरी ठरवताना काडीच्या उपयोगाचा वाटत नाही. माझं आठ म्हणजे कित्येकदा निव्वळ वाईट आठवडा असतो. आणि खरोखर जिवावरचं काही चार-पाचावर गुमान बसलेलं असू शकतं. किती दुखतंय आणि किती धोका आहे, या दोन गोष्टी एकमेकींना बांधलेल्या नाहीत. ज्याला रोज दुखतं त्याच्या बाबतीत तर मुळीच नाहीत.

मी विचारते ते वेगळंच: हे माझं नेहमीचं आहे का? त्यासाठी नेहमीचं काय ते नीट माहीत असावं लागतं. माझी कळ डाव्या कुल्ल्यातून निघते, मांडीच्या मागून पोटरीत उतरते आणि पावलाच्या बाहेरच्या कडेला करंगळीपाशी संपते. खोकलं, शिंकलं की ठणका. कुशीवर पाय दुमडून पडलं की तासाभरात उतार. हा रस्ता तिने सोडला नाही, तर ती कितीही ओरडली तरी मी घरी थांबते, गोळी घेते, शेकते, आणि दुसऱ्या दिवशी नेहमीच्या डॉक्टरांना फोन करते. रस्ता बदलला, बाजू बदलली, सुरुवात बदलली किंवा तिच्याबरोबर कुणी नवं आलं, तर मात्र मी आकड्याची वाट बघत नाही.

मणक्यावाल्यांना मी एक गोष्ट लाज सोडून सांगते, कारण डॉक्टरही ती घाईघाईत सांगतात आणि पेशंट मान खाली घालून ऐकतो. सायकलच्या सीटला जो भाग टेकतो तिथली संवेदना गेली, म्हणजे पुसताना कळेना, बसल्यावर तिथे काही नाहीच असं वाटायला लागलं. लघवी भरल्याचं समजेना, सुरू होईना किंवा नकळत गळायला लागली. शौचावरचा ताबा गेला. दोन्ही पाय एकदम लुळे वाटायला लागले. यातलं एकही झालं, तर ती रात्र काढायची नाही. पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू कमरेच्या वरच्या भागातच संपतो आणि पुढे नसांचा एक झुबका खाली उतरतो. त्या अख्ख्या झुबक्यावर दाब आला की हे सगळं होतं. याला कॉडा इक्वायना सिंड्रोम म्हणतात. हे विरळा घडतं, पण घडलं तर तातडीने एमआरआय आणि बहुधा तातडीने ऑपरेशन. दाब एक-दोन दिवसांच्या आत निघाला तर लघवीवरचा ताबा परत येण्याची शक्यता बरी असते. उशीर झाला तर तो कायमचा जाऊ शकतो. यात कमर किती दुखते याला फारसं महत्त्वच नाही.

आणि उलटंही होतं. दुखणं अचानक कमी झालं म्हणून मी लगेच खूश होत नाही. कळ थांबली, पण चालताना पाऊल फटफट आपटायला लागलं, चप्पल पायातून निसटायला लागली, टाचेवर उभं राहता येईना, याचा अर्थ नस बरी झाली असा नसून तिने काम करणंच सोडलंय असा असू शकतो. मी वाईट दिवसांत अधूनमधून भिंत धरून चार पावलं टाचेवर आणि चार पावलं चवड्यावर चालून बघते. वेदना खोटं बोलते, थकवा खोटं बोलतो. पाऊल उचललं जातं की नाही यात फसवायला जागा नसते. पोटाचंही असंच आहे म्हणतात ते खरं आहे: अपेंडिक्स फुटल्यावर काही काळ बरं वाटू शकतं.

इमर्जन्सीच्या बाकीच्या खुणा सगळ्यांना लागू आहेत तशा आपल्यालाही आहेत, आपणच आपल्याला सूट देतो. छातीत दडपण, जबड्यात किंवा हातात जाणारी कळ, दरदरून घाम, धाप. मिनिटभरात शिगेला पोचणारी, आयुष्यात कधी झाली नाही अशी डोकेदुखी. तोंड वाकडं होणं, हातातलं बळ जाणं, बोलणं अडखळणं. एकच पोटरी सुजून गरम होणं. छातीत किंवा पाठीत अचानक फाटल्यासारखी कळ. यातल्या प्रत्येकाला मणकेवाल्याकडे एक तयार खुलासा असतो: ‘मान आखडली असेल’, ‘रात्री तिरकी झोपले’. छातीचा ईसीजी दवाखान्यात पोचल्यापासून दहा मिनिटांत निघावा असा नियम आहे. आणि आपण घरी दोन तास बाम चोळत बसतो. संधिवातवाल्यांचंही तेच. सगळे सांधे दुखतात त्यात एकच गुडघा टरटरून सुजला, लाल झाला आणि अंगात ताप आहे, तर तो संधिवात उसळला असं धरून चालायचं नाही. सांध्यात पू झालेला असू शकतो आणि तो काही दिवसांत सांधा खाऊन टाकतो.

आता औषधं. दुखण्याइतकंच लक्ष मी औषधांवर ठेवते, कारण माझ्यासारख्यांना दवाखान्यात न्यायची पाळी कित्येकदा तीच आणतात. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन या जातीच्या गोळ्या पोटात जखम करू शकतात, आणि रक्त वाहायला लागेपर्यंत पोट दुखेलच असं नाही. डांबरासारखी काळी, चिकट शौच, कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी, उभं राहताच चक्कर, ही तातडी आहे. (लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, पण चिकट नि भयंकर वासाची असेल तर लोहावर ढकलून गप्प बसू नये.) पॅरासिटामॉल सगळ्यांना साधं वाटतं. मोठ्या माणसाला दिवसाला ४ ग्रॅम ही वरची हद्द, वजन कमी असेल किंवा यकृत आधीच नाजूक असेल तर त्याहून कमी. पण सर्दीच्या गोळीत ते असतं, पेनकिलरच्या जोडगोळीत असतं, आणि तिसऱ्या पाकिटात वेगळ्या नावाने असतं. असह्य रात्री ‘अजून एक’ करत हद्द ओलांडली, तर पहिले काही तास माणूस ठणठणीत असतो. उतारा मात्र पहिल्या ८ तासांतच सगळ्यात चांगला लागू पडतो. म्हणजे लक्षणांची वाट बघायचीच नाही, गोळ्या मोजायच्या आणि निघायचं. ट्रॅमाडॉलसारखं जोरकस पेनकिलर प्रीगॅबॅलिन या नसेच्या दुखण्यावरच्या औषधाबरोबर किंवा झोपेच्या गोळीबरोबर पोटात गेलेलं असेल आणि माणूस हाका मारून उठत नसेल, श्वास मंद, घोरल्यासारखा चालला असेल, तर ‘बऱ्याच दिवसांनी शांत झोपलीय’ असं म्हणून दिवा मालवायचा नाही.

आणखी एक: डायक्लोफेनॅक, पॅरासिटामॉलसारख्या गोळ्या ताप दाबतात, स्टेरॉइड तर पोटातली आग, जंतुसंसर्ग सगळंच झाकतं. पाठीत इंजेक्शन घेतल्यानंतरच्या दिवसांत हुडहुडी भरून ताप आला आणि पाठ नव्याच जागी दुखायला लागली, तर थर्मामीटरवरचा आकडा लहान आहे म्हणून मी थांबणार नाही.

हे सगळं माहीत असूनही प्रत्यक्ष वेळेला ठरवणं माझ्या एकटीच्या हातात मी ठेवलेलं नाही. रोज मरे त्याला कोण रडे म्हणतात; खरी गंमत अशी की रोज मरणारा स्वतःही रडायचं सोडून देतो. धाकटी बहीण आमच्याच घरात असते. बऱ्या दिवशी, चहा पिताना, आम्ही दोघींनी ठरवून टाकलंय. मी ‘काही नाही गं, नेहमीचंच’ म्हटलं की ती विचारते, ‘ताई, लघवी शेवटची कधी झाली? टाचेवर उभी राहून दाखव. आज गोळ्या किती झाल्या?’ एकाही उत्तरात गोम निघाली की ती गाडी काढते आणि मी वाद घालायचा नाही, असा करार आहे. मी घालतेच. ती ऐकत नाही. छातीत दुखणं, शुद्ध हरपणं, झटका अशा गोष्टींना मात्र गाडीही नाही, थेट ॲम्ब्युलन्स.

तिथे पोचल्यावर काय बोलावं, हाही प्रश्न येतो, आणि त्यात माझं ठाम मत आहे: जुनी कहाणी आधी सांगायची नाही. ‘मला फार वर्षांपासून मणक्याचा त्रास आहे’ असं सुरू केलं की ऐकणारा तिथेच थांबतो आणि पुढचं सगळं त्याच खात्यात जमा करतो. म्हणून मी पहिलं वाक्य नव्या गोष्टीचं बोलते: ‘सकाळपासून उजवं पाऊल घोट्यातून वर उचलत नाही. काल उचलत होतं.’ मग, ‘जुना आजार डाव्या बाजूचा आहे, आज त्यासाठी आलेले नाही.’ पाकिटात एक घडी घातलेला कागद असतो. त्यावर औषधं, मात्रा, शेवटचा डोस किती वाजता, कशाची ॲलर्जी, शेवटचा एमआरआय कधीचा. आणि सगळ्यात उपयोगी दोन ओळी: ‘डाव्या घोट्याचा रिफ्लेक्स आधीपासून नाही. डाव्या पावलाची बाहेरची कड आधीपासून बधिर.’ या ओळी नसतील तर घोट्यामागे हातोडी मारून पाऊल आपोआप हलतं का ते बघणाऱ्या डॉक्टरला जुनं काय नि नवं काय हे कळायला मार्ग नसतो. एकदा एका तरुण डॉक्टरीणबाईंनी त्या दोन ओळी वाचल्या, स्टूल जवळ ओढलं आणि मग उजव्या घोट्यावर हातोडी तीनदा मारून बघितली.

नुसत्या वेदनेसाठी जावं का? जावं. ठरलेले सगळे उपाय करून झाले, उलट्यांमुळे गोळी पोटात ठरत नाही, पाणीसुद्धा ठरत नाही, उभं राहून संडासापर्यंत जाता येत नाही, तर जावं. तिथे तुमचं जुनं दुखणं बरं होणार नाही, त्यासाठी ती जागाच नाही. जीव, अवयव, नस धोक्यात नाही ना एवढं बघतील, एक इंजेक्शन देतील, ‘नॉर्मल आहे’ म्हणतील. पैकी इंजेक्शन घ्यायची शरम वाटायचं कारण नाही. कुणी ‘यांना इंजेक्शनची सवय आहे’ अशा नजरेने बघितलं तर तो कागद पुढे करायचा. आणि वेदनेने मन इतकं खचलं की हे सगळं संपवून टाकावं असे विचार सारखे यायला लागले, हाताशी साठवलेल्या गोळ्यांकडे नजर जायला लागली, तर तीही तातडीच. त्यासाठीही हाच दरवाजा ठोठवायचा, त्या रात्री एकटं राहायचं नाही आणि गोळ्या दुसऱ्याच्या ताब्यात द्यायच्या.

घरी सोडताना मी एक गोष्ट मागून घेते. ‘दोन दिवसांनी ओपीडीत दाखवा’ एवढ्यावर उठत नाही. ‘कशासाठी लगेच परत येऊ, आणि कशासाठी थांबलं तर चालेल?’ हे विचारते आणि डिस्चार्जच्या कागदावर त्यांच्याच हाताने लिहून घेते. बहुतेक डॉक्टर लिहून देतात. एखादा वैतागतो, तेव्हा मी तिथेच उभी राहते; नाही तरी मला पटकन वळून चालायला कुठे येतं.