तुम्ही विचारलंत म्हणून: रेशमाच्या कोशातून किडनी निघते का?

गडचिरोलीतल्या आरमोरीकडं गावी गेलं की लग्न असो की तेरवी, कोणीतरी विचारतेच, "काय गं, तू मशीनवर किडनी छापते म्हणे?" तर एकदाचं लिहूनच टाकते. नाही छापत. छापलेली किडनी अजून कोणालाच बसवलेली नाही, कारण पेशीपासून 100-200 मायक्रॉनच्या (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आत रक्ताची नळी लागते, नाहीतर पेशी मरते, आणि एवढ्या बारीक नळ्यांचं जाळं अख्ख्या अवयवात घालणं जमलेलं नाही.

आमचा थ्रीडी प्रिंटर म्हणजे मोटर लावलेला शेवेचा सोऱ्याच, पिठाच्या जागी सिरिंजमध्ये प्रोटीन, ज्याच्या आधारानं पेशी वाढवायच्या. मशीनचं फार कौतुक नाही राजेहो, सगळा खेळ आतल्या मालाचा. जिलेटिन गार झालं की घट्ट, पण अंगाच्या 37 डिग्रीला परत पातळ, मग त्याला मेथाक्रिलेट नावाचं, उजेडात घट्ट जुळणारं रसायन जोडून वरून लाईट मारून पक्कं करतात. नागपुरात मे महिन्यात एसी बंद पडला की सुईतून नुसती धार लागते. कोलॅजन, म्हणजे कातडी-हाडातलं प्रोटीन, ते उलटं, थंडीत पातळ आणि उबेला घट्ट, तोवर छापलेलं खाली बसून जाते. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठवाल्यांनी 2019 मध्ये ते जिलेटिनच्या बारीक कणांच्या रबड्यात छापलं, हृदयाचे भाग तयार केले, मग 37 डिग्रीला जिलेटिन वितळवून काढून टाकलं. भारी डोकं.

रेशमाचं मला जास्त आवडते. तुतीवरच्या रेशीम अळीचे कोश धुण्याच्या सोड्यात अर्धा तास उकळायचे, वरचा सेरिसिनचा डिंक सुटतो, उरलेला धागा, म्हणजे फायब्रॉइन नावाचं प्रोटीन, लिथियम ब्रोमाइड या मिठाच्या पाण्यात 60 डिग्रीला विरघळवायचा, मग ते मीठ डायलिसिस करून, म्हणजे बारीक छिद्रांच्या पिशवीत भरून साध्या पाण्यात ठेवून, काढायचं. हे रेशमाचं पाणी सुईतून जोरात दाबलं की सुईतच गाठ, कारण दाब आणि ओढ बसली की प्रोटीन सरळ होऊन एकमेकाला चिकटते, आणि अळीही तोंडाशी हेच तर करते, फक्त तिची सुई तुंबत नाही!

आता आपल्या ऐनाच्या झाडावरच्या कोशाचं, म्हणजे टसरचं, ज्याला आपण कोसा म्हणतो. टसरच्या प्रोटीनमध्ये आर्जिनिन-ग्लायसिन-ॲस्पार्टिक ॲसिड असा तीन अमिनो ॲसिडचा तुकडा असतो, पेशी त्याला धरून बसतात, तुतीच्या फायब्रॉइनमध्ये तो नाही. म्हणजे माल आपलाच चांगला. पण हा धागा लिथियम ब्रोमाइडला दाद देत नाही, म्हणून बरेच जण कोश न घेता पिकलेल्या, म्हणजे कोश विणायला आलेल्या अळीच्या रेशमाच्या ग्रंथीतूनच प्रोटीन काढतात. हे ऐकून आमचे मामा, जे जंगलात पाखरं हाकलत अळ्या राखतात, म्हणाले, "अळीच कापाल तं आमी कोसा काहाचा इकाचा?" बरोबरच आहे. तर या छपाईच्या भरवशावर कोणी कोसा घरात धरून बसू नका, व्यापारी येईल तेव्हा भाव पाहून देऊन टाका.